पासिंग व्हायच्या आधी गाडी बघा : नवी स्पोर्ट्स कार ताब्यात घेताना काय तपासायचं

शिरूर / दौंड : नवी गाडी आणायला घरातले सगळे जातात. शोरूममध्ये गाडीवरचं कापड ओढलं जातं, हार घातला जातो, नारळ फुटतो, पुठ्ठ्याची मोठी चावी हातात धरून फोटो निघतो. तोवर गाडीभोवती एक फेरी कुणी नीट मारलेली नसते. मग शिरूरकर रांजणगावच्या महागणपतीला किंवा दौंडकर सिद्धटेकला गाडी घेऊन जातात आणि तिथं उन्हात उभी केल्यावर दिसतं, की एका दाराचा रंग बाकीच्या गाडीपेक्षा किंचित वेगळा आहे. तेव्हा गाडीचं पासिंग झालेलं असतं, टॅक्स भरलेला असतो आणि विमा नावावर असतो. शोरूमवाला पॉलिश करून देतो म्हणतो, बदलून देत नाही.

म्हणून तपासणी डिलिव्हरीच्या दिवशी करायची नसतेच. बुकिंग झाल्यावर शोरूमला गाडी येते आणि चेसिस नंबर ठरतो, तेव्हा ती करायची. पासिंग, विमा आणि बँकेचा पूर्ण हप्ता या तिन्हीच्या आधी. त्या वेळी दोष निघाला तर शोरूम दुसरी चेसिस लावू शकतं, कारण कागदावर अजून कुणाचंच नाव नसतं. या तपासणीला शोरूमच्या भाषेत पीडीआय म्हणतात. शोरूम आपली पीडीआय करतंच, पण घेणाऱ्याने स्वतःची वेगळी करावी. काही ठिकाणी ‘पासिंगआधी गाडी दाखवत नाही’ असं सांगतात. त्यामुळे बुकिंगचे पैसे देतानाच पावतीवर किंवा व्हॉट्सॲपवर ‘पासिंगआधी गाडी दाखवली जाईल’ एवढं लिहून घ्यावं.

गोव्यातला खटला

गोव्यातल्या एका ग्राहकाने २०११ ची गाडी म्हणून पैसे भरले. हातात आली ती २००९ साली बनलेली. मीटरवर ६२२ किलोमीटर आणि गाडीच्या पोटाला गंज. तो ग्राहक मंचात गेला, प्रकरण वर वर जात सर्वोच्च न्यायालयात पोहोचलं आणि निकाल लागला १८ फेब्रुवारी २०२१ ला. टाटा मोटर्स विरुद्ध त्या ग्राहकाच्या या खटल्यात कोर्टाने जबाबदारी डीलरची धरली. कंपनीला हे माहीत होतं असा पुरावा नसल्यामुळे कंपनी सुटली. म्हणजे कंपनी कितीही मोठी असली तरी जुनी किंवा वापरलेली गाडी नवी म्हणून दिली तर गाठ पडते ती डीलरशी. आणि यात दहा वर्षं गेली. बनावटीचं वर्ष, मीटर आणि पोटाचा गंज, या तीन गोष्टी अर्ध्या तासात बघून होतात.

स्पोर्ट्स कार इथं नवी नाही

स्पोर्ट्स कार म्हटलं की लोकांना मुंबईच्या रस्त्यावरची लाल गाडी आठवते. पण रांजणगाव एमआयडीसीतल्या फियाटच्या कारखान्यातून, जिथून पुढे २०१७ पासून जीप कंपास आणि टाटा नेक्सॉन बाहेर पडायला लागल्या, तिथूनच अबार्थ पुंटो निघाली होती. ऑक्टोबर २०१५ मध्ये ती आली. १.४ लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, १४५ अश्वशक्ती, शोरूम किंमत दहा लाखांच्या आत. पुढं ते मॉडेल बंद झालं. शेजारच्या चाकणला फोक्सवॅगनची व्हर्टस जीटी बनते, आणि मर्सिडीजने २०२० मध्ये एएमजी जीएलसी ४३ कूपे तिथंच जोडायला सुरुवात केली. खाली लिहिलेलं बरंचसं साध्या गाडीलाही लागू आहे. फरक एवढाच, की स्पोर्ट्स गाडी खाली असते, तिचे टायर पातळ कडेचे असतात आणि एकेक पार्ट महाग असतो. त्यामुळे नजर चुकली तर भुर्दंडही मोठा.

चेसिस नंबर आधी वाचा

चेसिस नंबर १७ अक्षर-अंकांचा असतो. भारतात बनलेल्या बहुतेक गाड्यांच्या नंबरात दहावं अक्षर वर्ष सांगतं. पी म्हणजे २०२३, आर म्हणजे २०२४, एस म्हणजे २०२५, टी म्हणजे २०२६. महिन्याचं अक्षर कंपनीनुसार वेगळ्या जागी असतं, म्हणून महिना फॉर्म २१ वर, म्हणजे विक्रीच्या दाखल्यावर बघावा. तिथं बनावटीचा महिना आणि वर्ष लिहिण्याची जागाच असते. जानेवारी-फेब्रुवारीत गाडी घेणाऱ्याने हे खास बघावं. डिसेंबरात बनलेली गाडी विकताना एक वर्ष जुनी धरली जाते. ती घ्यायला हरकत नाही, पण सूट तशी मिळाली पाहिजे. गाडीवर कोरलेला नंबर, बिलावरचा नंबर आणि विम्यावरचा नंबर एकच आहे ना, हे बोट ठेवून वाचायचं. मोबाईलवर फोटो काढून ठेवायचा.

उन्हात आणि कोरडी

गाडी दिवसा, उघड्यावर आणि कोरडी बघायची. शोरूमच्या दिव्याखाली सगळंच चमकतं आणि ओल्या गाडीवर ओरखडा दिसत नाही. बोटीने, रेल्वेने, ट्रेलरने आलेल्या गाडीला वाटेत घासणं-आपटणं होतं आणि यार्डातच डेंट-पेंट करून ती पुढं सरकवली जाते. दाराच्या रबराच्या कडेला, बोनेटच्या आतल्या बाजूला रंगाचे बारीक शिंतोडे असतील, बोनेटच्या बोल्टवर पान्याची खूण असेल किंवा दोन पत्र्यांमधली फट एका बाजूला जास्त असेल, तर तिथं काम झालंय. रंगाची जाडी मोजायचं छोटं यंत्र मिळतं. कंपनीचा रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉनच्या आसपास भरतो. एकाच दारावर आकडा एकदम दुप्पट झाला तर विचारायचं. यंत्र धातूच्या पत्र्यावर चालतं, प्लास्टिकच्या बंपरवर नाही.

स्पोर्ट्स गाडीची खरी जागा मात्र खाली आहे. पुढच्या बंपरची खालची कड ट्रेलरच्या फळीला घासलेली असते, ती उभ्याने दिसत नाही. गुडघ्यावर बसून, हात घालून बघावं. जमलं तर वर्कशॉपच्या लिफ्टवर गाडी चढवायला लावावी. तेलाचा ओघळ, गंज, सायलेन्सरचा चेपलेला पाइप हे सगळं तिथंच कळतं. ब्रेकच्या डिस्कवर तांबूस थर असेल तर घाबरू नका, पाऊस-दव लागल्यावर तो येतो आणि चार-दोन ब्रेक दाबले की जातो.

यार्डात महिनोन् महिने उभ्या गाडीत उंदीर शिरतात. उसाच्या पट्ट्यातल्या माणसाला हे सांगायला नको. बोनेट उघडून वायरींचं आवरण आणि खालचा फोमचा पत्रा बघावा.

टायर आणि तो एक नट

प्रत्येक टायरच्या कडेला चार आकडे एका चौकटीत असतात. २३२५ म्हणजे २०२५ सालचा २३ वा आठवडा. चारही टायर एकाच काळातले हवेत. एक वेगळा निघाला तर कारण विचारावं. स्पोर्ट्स गाडीचे टायर बऱ्याचदा एकाच दिशेने फिरायचे असतात, कडेला बाण असतो, तो पुढच्या दिशेला आहे ना बघावं. काही गाड्यांत पुढचे आणि मागचे टायर मापाने वेगळे असतात, त्यामुळे अदलाबदल चालत नाही. ॲलॉयची आतली कड हात फिरवून बघा. वाहतुकीसाठी हवा जास्त भरलेली असते, ती ड्रायव्हरच्या दारातल्या स्टिकरप्रमाणे करून घ्या.

बऱ्याच स्पोर्ट्स गाड्यांत स्टेपनी नसते, हवेचा पंप आणि डिंकाची बाटली असते. त्या बाटलीची मुदत बघावी. ॲलॉय चोरीला जाऊ नये म्हणून प्रत्येक चाकाला एक लॉकचा नट असतो आणि तो उघडायची खास गोटी टूलकिटमध्ये असते. ती गोटी नसेल तर शिक्रापूर चौकातला पंक्चरवाला काय, कुणीच चाक काढू शकत नाही. डिलिव्हरी घेताना ती हातात घेऊन बघायची.

चालू करून

मीटर पन्नास-शंभर किलोमीटरच्या आत असावं. यार्ड लांब असेल तर थोडं जास्त चालेल, पण कारण कळलं पाहिजे. इंजिन थंड असताना स्वतः चालू करायला लावा, आधीच गरम करून ठेवलेलं नको. इंजिन बंद असताना बॅटरी १२.४ व्होल्टच्या खाली असेल तर गाडी फार दिवस उभी होती. नंबर नसलेली गाडी रस्त्यावर काढू नका, यार्डातच पुढे-मागे घेऊन स्टिअरिंग दोन्ही टोकाला वळवून बघा. एसी, काचा, सगळे दिवे, कॅमेरा, सीटची बटणं, सगळं दाबून बघायचं. पेट्रोलच्या झाकणाच्या आतलं स्टिकर वाचा. काही इंजिनांना ९५ ऑक्टेन लागतं, ते पेट्रोल कोणत्या पंपावर मिळतं याची चौकशी आधी झालेली बरी.

पैसा आणि कागद

नंबर नसताना गाडी ताब्यात देता येत नाही, तात्पुरता किंवा कायमचा नंबर हवाच. केंद्रीय मोटार वाहन नियम ४२ मध्ये तसं स्पष्ट आहे. १ एप्रिल २०१९ पासूनच्या नव्या गाडीला उच्च सुरक्षा नंबर प्लेट डीलरकडूनच बसून येते. दौंडच्या गाडीला बारामतीचा एमएच ४२ आणि शिरूरच्या गाडीला पुण्याचा एमएच १२ पडतो. आरसीवर नावाचं स्पेलिंग आणि बँकेचा बोजा बरोबर आहे का, बघून घ्या. विमा शोरूमचाच घ्यावा अशी सक्ती नाही. नव्या कारला तिसऱ्या पक्षाचा विमा तीन वर्षांचा लागतो, बाकीचा भाग वर्षाचा. ‘हँडलिंग’ नावाची रक्कम बिलात असेल तर ती कशाची, ते लेखी विचारा.

एक गोष्ट बरेच शेतकरी सोडून देतात. १० लाखांच्या वरच्या गाडीवर शोरूम १ टक्का टीसीएस घेतं. १५ लाखांच्या गाडीला ते १५ हजार होतात. हा गाडीवरचा वेगळा कर नाही, तो पॅनवर आगाऊ भरलेला आयकर आहे. ज्याचं उत्पन्न शेतीचं आहे आणि आयकर बसत नाही, त्याला रिटर्न भरून ते पैसे परत मिळतात. रिटर्नच भरला नाही तर ते सरकारकडेच राहतात.

दोष निघाला तर

डिलिव्हरीच्या कागदावर ‘गाडी चांगल्या स्थितीत मिळाली’ असं छापलेलं असतं. दोष असेल तर सहीच्या वर हाताने लिहायचा, फोटो काढायचा, मग सही. नंतर पूर्ण गाडी बदलून मिळणं अवघड जातं. २००६ मध्ये मारुतीच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, की वॉरंटी दोषी पार्ट बदलून देण्याची आहे, गाडी बदलून देण्याची नाही. २०१० मध्ये फियाटच्या प्रकरणात मात्र कोर्टाने गाडी स्वतंत्र तज्ज्ञाकडून तपासायला सांगितली आणि बनावटीतलाच दोष निघाला तर व्याजासह पैसे परत द्यायला सांगितलं. म्हणजे तज्ज्ञाचा अहवाल हाच कणा.

आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करावी. भरलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा ग्राहक आयोगात जाता येतं, आणि आपण राहतो त्या जिल्ह्यातच दावा चालतो. १० ते २० लाखांच्या गाडीला फी ४०० रुपये आहे. मुदत दोन वर्षांची, अर्ज ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या करता येतो.

घरी नेताना

रस्ते महासभेच्या मानकाप्रमाणे गतिरोधक १० सेंटीमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद, गोलसर असावा. गावातले गतिरोधक गावाने ठरवलेले असतात. स्विफ्टचं पोट जमिनीपासून १६३ मिलिमीटर वर असतं, खऱ्या स्पोर्ट्स गाडीचं ११० ते १३५ च्या आसपास. त्यामुळे बुकिंगच्या आधीच घरापर्यंतचा रस्ता टेप घेऊन बघावा, वस्तीवरच्या चारीचा उंचवटा आणि गेटचा उतार सुद्धा. पुढचा भाग उचलायची सोय त्या मॉडेलला आहे का, ते तेव्हाच विचारावं, कारण काही गाड्यांत ती कारखान्यातूनच बसवून घ्यावी लागते, नंतर बसत नाही.