जलतरण तलावातील पाण्याचा गढूळपणा

जलतरण तलावातील पाण्याचा गढूळपणा म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म कणांमुळे त्याची पारदर्शकता कमी होणे होय. घरगुती तलावात हा दोष वारंवार आढळतो. तो केवळ दिसण्यापुरता नसतो. गढूळ पाण्यात तळाशी गेलेली व्यक्ती काठावरून दिसत नाही, तसेच कणांच्या आड राहिलेल्या जंतूंपर्यंत क्लोरीन नीट पोहोचत नाही.

कारणे

क्लोरीनची कमतरता, शेवाळाची वाढ, तुंबलेली गाळणी, धूळ आणि पोहणाऱ्यांच्या अंगावरील घाम व तेल ही प्रमुख कारणे होत. विंधन विहिरीचे पाणी दुष्फेन असल्यास सामू वाढल्यावर कॅल्शियम कार्बोनेटचे पांढरे कण तयार होतात.

उपाय

प्रथम पाणी तपासून सामू ७.२ ते ७.८ या मर्यादेत आणतात व क्लोरीनची कमतरता भरून काढतात. वाळूची गाळणी उलट्या प्रवाहाने धुऊन पंप चालू ठेवतात. तरीही पाणी न निवळल्यास तुरटी वापरतात. सूक्ष्म कणांवर ऋण प्रभार असल्याने ते परस्परांना दूर लोटतात. तुरटीतील ॲल्युमिनियममुळे हा प्रभार नाहीसा होऊन कणांचे पुंजके बनतात आणि पंप बंद ठेवल्यास ते तळाशी बसतात. पिण्याच्या पाण्यात तुरटी फिरवण्यामागेही हेच तत्त्व आहे. साचलेला गाळ गाळणीत न नेता थेट बाहेर काढतात. तुरटीमुळे सामू उतरत असल्याने तो पुन्हा तपासावा लागतो.

दक्षता

क्लोरीनयुक्त रसायन आम्लात मिसळल्यास विषारी वायू निर्माण होतो; म्हणून दोन्ही स्वतंत्रपणे साठवतात व वापरतात. तलावाचा तळ काठावरून स्पष्ट दिसेपर्यंत पाण्यात उतरणे धोक्याचे असते.