वारा तापवायचा तर

मंडळी, मागच्या खेपेला आपण पाण्याच्या सौर बंबापर्यंत आलो होतो. पाणी बिचारं मुकाट ऊब घेतं. हवेचं तसं नाही. तिची उष्णतावाहकता पाण्याच्या साधारण १/२५. आजचा सगळा इतिहास म्हणजे या हट्टी हवेची मनधरणी.

१८८१ साली अमेरिकेत एडवर्ड मोर्स यांनी सूर्यकिरणांनी खोल्या ऊबदार करण्याचं पेटंट घेतलं. घराच्या भिंतीवर काच, तिच्यामागे काळा पृष्ठभाग. मधली हवा तापून आपोआप वर चढे, घरात शिरे. हे मोर्स मूळचे प्राणिशास्त्रज्ञ, शंखशिंपल्यांचे अभ्यासक! तेव्हा आम्ही तत्त्वज्ञानवाल्यांनी इथे नाक खुपसलं तर फार बिघडू नये.

पुढे पंखे आले, हवा ढकलता येऊ लागली. तरी ती पुरेशी तापेना. का, ते १९०४ साली लुडविग प्रांट्ल यांनी हायडेलबर्गला मांडलेल्या सिद्धान्तातून कळतं. वाहती हवा पृष्ठभागाला लागून जवळजवळ थबकलेली असते. हा पातळ थर पत्र्यावर गोधडीसारखा पडून राहतो. मग पत्रा तापत जातो आणि त्याची उष्णता काचेतून बाहेर निसटते.

ही गोधडी फाडायची कशी? आपल्याकडे प्रसाद आणि मलिक यांनी १९८३ मध्ये, वाळवणासाठीच्या हवातापकात, पत्र्याच्या खालच्या अंगाला तारा लावून पाहिल्या. पत्र्याचा कार्यक्षमता-गुणांक ०.६३ वरून ०.७२ झाला. १९८८ मध्ये प्रसाद आणि सैनी यांनी वाऱ्याला आडव्या बारीक तारांचा कसून अभ्यास केला. उष्णता-संक्रमण गुळगुळीत पत्र्याच्या २.३८ पटींपर्यंत गेलं. टाळ्या वाजवायच्या आधी दुसरा आकडा ऐका: घर्षण ४.२५ पट! म्हणजे तितकीच हवा ढकलायला पंख्याला सव्वाचार पट शक्ती. चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला?

नाही, आणि इथेच खरी गंमत आहे. पंख्याला आधीइतकीच शक्ती द्या, हवा थोडी कमी वाहू द्या, आणि मग तुलना करा. त्यासाठी घर्षणाच्या पटीचं घनमूळ घेतात, ते १.६२ येतं. २.३८ ला त्याने भागलं तर सुमारे १.४७. फायदा उरतोच, फक्त जाहिरातीत सांगता येईल तेवढा नाही.

म्हणून तार जाड नको. तिने पत्र्यालगतचा थर तेवढा मोडावा, पुढच्या वाऱ्याच्या वाटेत उगाच आडवं येऊ नये.