हृदयाचा आलेख आणि दप्तराची शिस्त

छातीत दुखते म्हणून रुग्ण हृदयरोगतज्ज्ञाकडे येतो, तेव्हा आजच्या ईसीजीबरोबरच त्याचा जुना ईसीजीही मोलाचा असतो. आलेखातील दोष आजचा की जुनाच, हे तुलनेशिवाय अनेकदा ठरत नाही. जुना कागद दुसऱ्या गावच्या रुग्णालयात पडून असेल, तर निष्णात डॉक्टरही अंदाजावर येतो. म्हणून वैद्यकीय नोंदी हा विषय मला प्रशासनाचाही वाटतो.

हृदयाची नोंद आणि विजेची तार यांचे नाते जुने आहे. हॉलंडमधील लायडन येथे विलेम आइंटहोव्हेन यांचे ईसीजीयंत्र इतके अवजड होते की ते रुग्णापर्यंत नेणे शक्य नव्हते. १९०५ साली त्यांनी सुमारे दीड किलोमीटरवरील रुग्णालयातून रुग्णांच्या हृदयाचे विद्युतसंकेत टेलिफोनच्या तारेने प्रयोगशाळेत आणले. १९२४ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

पण आलेख काढला, तरी तो पुढे वेळेवर सापडला पाहिजे. अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये प्रत्येक डॉक्टरची वही वेगळी असे आणि एकाच रुग्णाची माहिती अनेक वह्यांत विखुरलेली असे. १९०७ साली डॉ. हेन्री प्लमर यांनी प्रत्येक रुग्णाला एक क्रमांक दिला व त्याचे सर्व कागद एका फाइलमध्ये आणले. संगणक येण्याच्या कितीतरी आधी झालेली ही सुधारणा निव्वळ दप्तराच्या शिस्तीची होती.

संगणकाने या शिस्तीला दोन बळे दिली. पहिले टिकाऊपणाचे. ऑगस्ट २००५ मध्ये कतरिना चक्रीवादळाने न्यू ऑर्लिन्स बुडाले आणि असंख्य रुग्णांचे कागद नष्ट झाले. तेथील माजी सैनिकांच्या शासकीय रुग्णालयाच्या नोंदी मात्र संगणकावर होत्या. त्यांच्या प्रती ह्यूस्टनला नेण्यात आल्या आणि काही दिवसांतच अन्य शहरांतील डॉक्टरांना त्या पाहता आल्या. दुसरे बळ एकत्रित पाहण्याचे. व्हायॉक्स हे सांधेदुखीवरील औषध २००४ साली हृदयविकाराच्या धोक्यामुळे मागे घेण्यात आले. कॅलिफोर्नियातील कैसर परमनंटे या आरोग्यसंस्थेच्या सुमारे १४ लाख रुग्णांच्या नोंदींवरून केलेला अभ्यास २००५ साली लॅन्सेटमध्ये आला. मोठ्या मात्रेने हा धोका वाढतो, हे त्यात दिसले. एका दवाखान्यातील एका डॉक्टरला ते कसे कळणार?

आपल्याकडे केंद्र शासनाने २०१३ साली अशा नोंदींची मानके ठरवली व २०१६ साली सुधारली. १५ ऑगस्ट २०२० रोजी सहा केंद्रशासित प्रदेशांत प्रारंभ झालेले डिजिटल आरोग्य अभियान २७ सप्टेंबर २०२१ पासून देशभर आले. त्यातील १४ अंकी आभा क्रमांक म्हणजे प्लमर यांचीच कल्पना देशाच्या पातळीवर. नोंदी रुग्णालयांकडेच राहतात, रुग्णाच्या संमतीने दुसऱ्या डॉक्टरला दिसतात. ही रचना मला योग्य वाटते.

मात्र नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सवर सायबर हल्ला झाला आणि कित्येक दिवस कामे हाताने करावी लागली. नोंदींची सुरक्षित प्रत अन्यत्र असणे आणि ती वेळेत परत मिळवण्याचा सराव असणे, हे यंत्रणेइतकेच आवश्यक आहे.

शिवाय किती क्रमांक वाटले, या आकड्यावर आढावा बैठक संपू नये. जिल्हा रुग्णालयातून पुढे पाठविलेल्या हृदयरुग्णाचा जुना ईसीजी मोठ्या रुग्णालयातील डॉक्टरला त्या रात्री दिसला का, हा प्रश्न तेथे विचारला गेला पाहिजे.