४२.३४ मीटरवरचा प्रश्न

हौशी रेडिओ क्लबांच्या साप्ताहिक मेळाव्याला 'नेट' म्हणतात. हा मेळावा कोणत्याही सभागृहात भरत नाही. ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी परवानाधारक सभासद आपापल्या घरून एकाच वारंवारतेवर येतात. नियंत्रक केंद्र हजेरी घेते, प्रत्येक जण आपले कॉल साइन उच्चारतो, कोणाचा आवाज किती स्वच्छ पोहोचतो याची नोंद होते. अनेक क्लबांच्या नेटवर यानंतर आठवड्याचा प्रश्न विचारला जातो. तो कधी विजेच्या मंडलाविषयी असतो, कधी उपग्रहाविषयी, तर कधी इतिहासाविषयी. वरवर पाहता हा विरंगुळा आहे. परंतु नीट निवडलेला एक प्रश्न किती दूरवर नेऊ शकतो, हे पाहण्यासाठी पुढील प्रश्न घ्यावा: १९४२ साली मुंबईतून भूमिगत चालणारा काँग्रेस रेडिओ श्रोत्यांना आपली जागा '४२.३४ मीटर' अशी सांगत असे; आजच्या डायलवर ती जागा कोठे येते?

उत्तराचा पहिला भाग शालेय भौतिकशास्त्राचा आहे. प्रकाशाच्या वेगाला तरंगलांबीने भागले की वारंवारता मिळते. सेकंदाला सुमारे ३० कोटी मीटर या वेगाला ४२.३४ ने भागले असता सुमारे ७.०८ मेगाहर्ट्झ हा आकडा येतो. भारतात आज ७.० ते ७.२ मेगाहर्ट्झ हा पट्टा हौशी सेवेसाठी राखलेला आहे. त्याला '४० मीटरचा पट्टा' म्हणतात. म्हणजे देशातील कितीतरी नेट ज्या पट्ट्यावर भरतात, त्याच पट्ट्यात एके काळी काँग्रेस रेडिओ बोलत होता. हे कसे घडले, हा उत्तराचा दुसरा भाग. तो गणिताने सुटत नाही.

प्रथम या पट्ट्याचा गुणधर्म समजून घ्यावा. फरीदाबादमधील एखाद्या विद्यार्थ्याच्या हाती १४५ मेगाहर्ट्झच्या आसपास चालणारा छोटा संच असेल, तर त्याच्या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात. इमारती आणि अरवलीचे उंचवटे आड आले नाहीत, तर त्याचा आवाज दिल्लीपर्यंत पोहोचेल; मुंबई मात्र क्षितिजाखाली राहील. त्याच गच्चीवर ७ मेगाहर्ट्झसाठी लांब तार ताणली की चित्र पालटते. या लहरी वर जातात, आयनांबरातील विद्युतभारित थरांतून वळतात आणि शेकडो किलोमीटर दूर पुन्हा जमिनीवर उतरतात. दुपारी खालचा थर त्यांतील बरीच ऊर्जा शोषून घेतो. पहाटे आणि सायंकाळनंतर हे शोषण कमी होते, आणि फरीदाबादहून सुमारे अकराशे किलोमीटर दूर असलेल्या मुंबईशी साध्या संचावरूनही संभाषण होऊ शकते.

ही सोय हौशींना कोणी बहाल केलेली नव्हती. १९१२ साली अमेरिकेने रेडिओचा कायदा केला, तेव्हा हौशींना २०० मीटर व त्याहून आखूड लहरींवर ढकलण्यात आले. दूरच्या संदेशवहनासाठी लांब लहरीच हव्यात, आखूड लहरी निरुपयोगी आहेत, अशी त्या काळची समजूत होती. टाकाऊ ठरवलेल्या त्या जागेतच हौशींनी प्रयोग सुरू केले. डिसेंबर १९२१ मध्ये पॉल गॉडली हे अमेरिकी हौशी रिसीव्हर घेऊन स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर आर्ड्रॉसन येथे गेले आणि त्यांनी अटलांटिकपलीकडील हौशींचे संदेश ऐकले. नोव्हेंबर १९२३ मध्ये फ्रान्सचे लेऑं डेलॉय आणि अमेरिकेचे फ्रेड श्नेल व जॉन राइनार्ट्झ यांनी सुमारे १०० मीटरवर महासागर ओलांडून दुतर्फा संभाषण केले. या लहरी एवढ्या दूर का जातात, याचा भौतिक पुरावा १९२४ पासून एडवर्ड ॲपल्टन यांच्या प्रयोगांतून मिळू लागला. त्या कार्यासाठी त्यांना १९४७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. भारतात कोलकात्याच्या शिशिरकुमार मित्र यांनी १९३० च्या दशकात आयनांबराच्या संशोधनाचा भक्कम पाया घातला. येथे अनुभव आधी आला आणि स्पष्टीकरण मागाहून.

भारतातील पहिले हौशी म्हणून कोलकात्याचे अमरेंद्र चंद्र गुप्तू यांचे नाव घेतले जाते. १९२१ साली त्यांचे कॉल साइन '२जेके' होते. त्यानंतर आलेले मुकुल बोस '२एचक्यू'. १९२७ च्या वॉशिंग्टन येथील आंतरराष्ट्रीय परिषदेने देशांना अक्षरांची वाटणी केली आणि त्यातून भारताच्या वाट्याला आलेले 'व्हीयू' हे उपसर्गाक्षर आजही प्रत्येक भारतीय हौशीच्या नावापुढे लागते. त्याच परिषदेने ७ मेगाहर्ट्झचा पट्टा हौशींसाठी निश्चित केला. १९३३ च्या बिनतारी अधिनियमाने परवान्याविना संच बाळगणे हा गुन्हा ठरवला. तरीही परवानाधारकांची संख्या अल्पच होती, आणि त्यांत ब्रिटिश अधिकाऱ्यांचा भरणा मोठा होता.

१९३९ साली महायुद्ध सुरू झाले आणि सरकारने हौशींना आपले प्रक्षेपक जमा करण्याचे आदेश दिले. ४० मीटरच्या पट्ट्यावरील कायदेशीर भारतीय आवाज थांबले. आदेशाने यंत्रे जमा करता येतात. ती बांधण्याचे ज्ञान मात्र जमा करता येत नाही. ८ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईच्या गवालिया टँक मैदानावर 'छोडो भारत'चा ठराव झाला. दुसऱ्या दिवशी पहाटेपासून नेत्यांची धरपकड झाली आणि वृत्तपत्रांवरील निर्बंध कडक झाले. तेव्हा २२ वर्षांच्या उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गुप्त रेडिओ केंद्र उभे करण्याचे ठरवले. राममनोहर लोहिया यांचे मार्गदर्शन त्यांना लाभले. 'शिकागो रेडिओ' या ध्वनियंत्रणेच्या व्यवसायातील नानक मोटवाने यांचे साहाय्य झाले. प्रक्षेपक बांधण्यासाठी मात्र रेडिओची विद्या हाती असलेला माणूस हवा होता. तो युद्धापूर्वीच्या हौशींमधूनच आला: नरिमन अबरबाद प्रिंटर, कॉल साइन 'व्हीयू२एफयू'.

चौपाटीवरील इमारतीतून सुरू झालेले हे केंद्र पोलिसांच्या दिशाशोधक यंत्रांना चुकवत जागा बदलत राहिले. चितगाव, जमशेदपूर, बलिया येथील ज्या घटना छापण्यास वृत्तपत्रे धजत नव्हती, त्या या केंद्रावरून सांगितल्या गेल्या. हौशींचा जो पट्टा सक्तीने मौन झाला होता, त्याच पट्ट्यातून हा आवाज उमटला. त्यात प्रिंटर यांच्या पूर्वीच्या सवयीचा वाटा किती आणि योगायोगाचा किती, हे सांगणे अवघड आहे. भौतिकशास्त्राच्या दृष्टीने मात्र निवड अचूक होती: तुलनेने लहान प्रक्षेपकाने मुंबईत बसून देशाच्या दूरच्या भागांपर्यंत पोहोचायचे, तर ४० मीटरच्या आसपासची लहर सोयीची होती.

१२ नोव्हेंबर १९४२ रोजी महालक्ष्मी मंदिराजवळील 'पॅराडाइज' बंगल्यावर पोलिसांनी छापा घातला आणि उषा मेहता यांना प्रक्षेपण चालू असतानाच अटक झाली. त्यांना चार वर्षांची शिक्षा झाली. येरवड्याच्या तुरुंगातून त्या १९४६ साली बाहेर आल्या, पुढे मुंबई विद्यापीठात अध्यापन केले आणि १९९८ मध्ये 'पद्मविभूषण'ने सन्मानित झाल्या. पोलिसांना केंद्रापर्यंत नेणारी माहिती कोठून मिळाली, हा या कथेचा कटू भाग. ती प्रिंटर यांच्याकडून मिळाली. ज्या हातांनी प्रक्षेपक बांधला, त्याच माणसाने पकडले गेल्यावर त्याचा ठावठिकाणा दाखवला.

येथे आठवड्याचा प्रश्न विचारणाऱ्याची कसोटी लागते. 'काँग्रेस रेडिओसाठी झटणाऱ्या हौशीचे कॉल साइन सांगा,' असा प्रश्न विचारून 'व्हीयू२एफयू' या उत्तराला शाबासकी देणे सोपे आहे. तेवढ्यावर थांबले तर हौशी रेडिओची प्रतिमा उजळते आणि इतिहास अर्धा राहतो. तंत्रज्ञान येणे आणि धैर्य असणे हे दोन वेगळे गुण आहेत. एकाच्या ठायी दोन्ही असतीलच असे नाही. उषा मेहता यांना प्रक्षेपक बांधता येत नव्हता आणि प्रिंटर यांना तो बांधता येत होता. पोलिसांच्या प्रश्नांपुढे मात्र उषा मेहता मौन राहिल्या. विद्यार्थ्यांना हे दोन्ही कळले पाहिजे. कोठडीत कोणावर काय दडपण आले असेल, याचा विचार करूनच निवाडा करावा. पण विचार करण्यासाठी आधी घटना ठाऊक हवी.

स्वातंत्र्यानंतर हौशी पुन्हा संघटित झाले. १९४८ साली महू येथील सैन्याच्या सिग्नल शाळेत 'ॲमॅच्युअर रेडिओ क्लब ऑफ इंडिया' स्थापन झाला; पुढे त्याचेच रूपांतर 'ॲमॅच्युअर रेडिओ सोसायटी ऑफ इंडिया'त झाले. १९७८ च्या हौशी सेवेच्या नियमांनी परीक्षा, श्रेणी आणि मर्यादा घालून दिल्या. वयाची बारा वर्षे पूर्ण झालेली व्यक्तीही ही परीक्षा देऊ शकते. मनोरंजनाचे प्रसारण किंवा व्यापारी संदेश यांना परवानगी नाही. प्रयोग, तांत्रिक संभाषण आणि साधी वैयक्तिक विचारपूस एवढाच व्यवहार. या चौकटीत नेटवरचा प्रश्न चपखल बसतो. परीक्षा आयुष्यात एकदाच द्यायची असते. नेटवरचा प्रश्न तिची उजळणी दर आठवड्याला घडवतो.

प्रश्नोत्तरांतून आणखी एक शिस्त अंगी बाणते. एका वारंवारतेवर एका वेळी एकच जण बोलू शकतो. नियंत्रकाने पुकारल्याशिवाय बोलायचे नाही, ऐकलेले पुन्हा उच्चारून खात्री करायची, नावे अक्षर-अक्षर सांगायची, दुर्बळ आवाजाच्या केंद्राला आधी वाट द्यायची. विरंगुळ्यात मुरलेल्या या सवयी संकटात उपयोगी पडतात. १९९३ चा किल्लारीचा भूकंप, १९९९ चे ओडिशातील चक्रीवादळ, २००१ चा भूजचा भूकंप या प्रत्येक प्रसंगी हौशींनी संदेशवहनात हात दिला. डिसेंबर २००४ मध्ये दिल्लीच्या भारती प्रसाद, कॉल साइन 'व्हीयू२आरबीआय', आपल्या चमूसह पोर्ट ब्लेअरला होत्या. अंदमानातून जगभरच्या हौशींशी संपर्क साधण्याची ती मोहीम होती. अनेक वर्षे त्या बेटांवरून कोणी हौशी बोललेला नसल्यामुळे जगभर तिची उत्सुकता होती. २६ डिसेंबरला त्सुनामी आली, दळणवळण कोलमडले आणि त्याच चमूने छंदाचे काम बाजूला ठेवून बेटांवरील लोकांच्या खुशालीचे निरोप मुख्य भूमीला पाठवण्यास प्रारंभ केला.

जानेवारी २०२४ मध्ये फरीदाबादमध्ये भारतीय आंतरराष्ट्रीय विज्ञान महोत्सव भरला. विज्ञान लोकांपर्यंत नेणे हा त्याचा मध्यवर्ती विषय होता. अशा महोत्सवांचे भव्य मंडप चार दिवसांनी उतरतात, आणि ते स्वाभाविकही आहे. आठवड्याच्या नेटला मंडप लागत नाही. मात्र कोणीतरी प्रश्न शोधावा लागतो, उत्तर पडताळून पाहावे लागते आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा यावे लागते. विज्ञानप्रसाराचा हा लहानसा प्रकार टिकतो तो या सातत्यामुळे.

नेटवर सारे उघड असते. प्रश्न सर्वांना ऐकू येतो, उत्तरही सर्वांना ऐकू येते. चुकले तर तेथेच दुरुस्त होते. भारतीय हौशींच्या इतिहासातील कितीतरी गोष्टी पाठ्यपुस्तकांत नाहीत; त्या अशाच तोंडी परंपरेने एका पिढीकडून दुसरीकडे जातात. ४२.३४ मीटरचा प्रश्न त्यांपैकी एक आहे. तो विचारला जाईल तेव्हा ७.०८ मेगाहर्ट्झ हे उत्तर ऐकून नियंत्रकाने लगेच पुढच्या केंद्राला पुकारू नये. त्या वारंवारतेवर १९४२ साली कोण बोलत होते, कोणी यंत्र बांधले, कोणी तोंड उघडले आणि कोणी उघडले नाही, हेही त्याच बैठकीत विचारावे.