संदेश-ग्रहणाची दोन रूपे : लोहमार्गाची तार आणि वाहनातील कॅन बस

संदेशवहनाच्या इतिहासात प्रेषकाला जितके महत्त्व मिळाले आहे तितके ग्राहकाला मिळालेले नाही. तारायंत्र कोणी सिद्ध केले, संकेतलिपी कोणी रचली, हे सर्वत्र नोंदलेले आढळते; परंतु आलेला संदेश आपल्यासाठी आहे हे ग्राहकाने कसे ओळखावयाचे व त्याचा अर्थ कोणत्या आधारावर लावावयाचा, हा प्रश्न बहुधा गौण समजला जातो. वास्तविक एकाच तारेवर अनेक जण बोलू लागले की हाच प्रश्न मुख्य होऊन बसतो. या प्रश्नाची दोन भिन्न उत्तरे गोंदिया जिल्ह्यातून जाणाऱ्या दोन मार्गांवर पाहावयास मिळतात. जिल्ह्याच्या उत्तर भागातून तिरोडा, गोंदिया, आमगाव व सालेकसा असा मुंबई-हावडा लोहमार्ग जातो, आणि दक्षिणेकडून सडक अर्जुनी व देवरी या तालुक्यांतून राष्ट्रीय महामार्ग ५३ छत्तीसगडात प्रवेश करतो. पहिल्या मार्गावर तारेच्या युगातील उत्तर घडले. दुसऱ्या मार्गावरील मालमोटारींच्या पोटात गेल्या चाळीस वर्षांतील उत्तर वावरत आहे.

नागपूर ते राजनांदगाव हा अरुंद मीटरमापी मार्ग १८८० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत तयार झाला. १८८७ मध्ये स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वे कंपनीने तो आपल्याकडे घेऊन रुंद केला. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात जबलपूरकडील व नागभीडकडील लहान मापाचे फाटे गोंदियास येऊन मिळाले आणि गोंदिया हे महत्त्वाचे जंक्शन बनले. अशा मार्गावरील वाहतुकीचा मूलाधार म्हणजे ब्लॉक-पद्धती. दोन स्थानकांमधील मार्गाचा तुकडा हा एक ब्लॉक. त्यात एका वेळी एकच गाडी असावी, आणि पुढील स्थानकाने मार्ग मोकळा असल्याची संमती दिल्यावाचून मागील स्थानकाने गाडी सोडू नये, असा हा नियम आहे.

ही संमती तारेने मागितली जाई व तारेनेच दिली जाई. एका तारेवर अनेक स्थानके जोडलेली असत आणि प्रत्येक ठिकाणी यंत्राचा टकटकाट ऐकू येई. आपल्या स्थानकाचा संकेत ऐकू आला म्हणजेच तारबाबूने लेखणी उचलावयाची. अशा सामाईक तारेला इंग्रजी तारखात्यात ‘ऑम्निबस सर्किट’ म्हणत. ऑम्निबस हा मूळ लॅटिन शब्द असून त्याचा अर्थ ‘सर्वांसाठी’ असा होतो. सर्वांना ऐकू जाणारा संदेश एकाचाच करण्याचे काम स्थानकाच्या संकेताने होत असे. गोंदिया जंक्शनचा संकेत इंग्रजी ‘जी’ हे एकच अक्षर आहे. संदेशाच्या अग्रभागी पत्ता असल्यामुळे ग्राहकाची निवड प्रेषकच करून टाकीत असे.

याच ऑम्निबसचे शेपूट तोडून ‘बस’ हा शब्द बनला. रस्त्यावरील प्रवासी बस व विद्युत्‌शास्त्रातील सामाईक वाहक, दोन्ही त्याचीच अपत्ये होत. १९८३ साली जर्मनीतील रॉबर्ट बॉश कंपनीने मोटारगाडीतील वाढत्या विद्युत्‌-उपकरणांसाठी एक सामाईक वाहक रचण्याचे काम हाती घेतले. प्रत्येक उपकरणापासून प्रत्येक उपकरणापर्यंत स्वतंत्र तार ओढल्यास तारांचे जंजाळ आवरेनासे होते, ही अडचण त्यामागे होती. फेब्रुवारी १९८६ मध्ये अमेरिकेतील डेट्रॉइट येथे मोटार-अभियंत्यांच्या परिषदेत ही पद्धती जाहीर झाली. १९८७ मध्ये तिच्यासाठी पहिल्या चकत्या, म्हणजे चिप, निघाल्या व १९९३ मध्ये तिला आंतरराष्ट्रीय मानकाचे रूप मिळाले. हीच कॅन बस होय. तिच्या मूळ रूपात एका संदेशात फार तर आठ बाइट मजकूर मावतो.

तारेच्या पद्धतीहून तिचे वेगळेपण असे की, मूळ कॅन संदेशावर ग्राहकाचा पत्ता नसतो. अग्रभागी जो ओळखक्रमांक येतो तो मजकुराचा विषय सांगतो. ‘कोणास’ याच्या जागी ‘कशाविषयी’ आले आहे. दोन उपकरणे एकदम बोलू लागल्यास लहान क्रमांकाचा संदेश पुढे जातो व दुसरा थांबतो. जड वाहनांसाठी पुढे सिद्ध झालेल्या जे-१९३९ या मानकात प्रेषकाचा निर्देश क्रमांकात अंतर्भूत केलेला आहे आणि काही संदेशांना ग्राहकाचा पत्ताही असतो. तथापि इंजिनाच्या गतीसारखी माहिती सर्वांसाठीच प्रसृत होते. कोणी ती घ्यावी, हे घेणाऱ्याने आधीच ठरवून ठेवावयाचे असते.

हे ‘आधीच ठरवून ठेवणे’ सिम्युलेशनमध्ये स्पष्ट दिसते. मालमोटारीचे एखादे नियंत्रक-यंत्र रस्त्यावर नेण्यापूर्वी त्याची परीक्षा संगणकावरील प्रतिरूपाच्या साह्याने करतात. त्या प्रतिरूपात निरनिराळी कार्ये चौकटींनी दाखवितात व या चौकटींनाही ब्लॉक असेच नाव आहे. संदेश घेणाऱ्या ब्लॉकला प्रथम बसचा वेग सांगावा लागतो. तो चुकल्यास काहीच वाचता येत नाही, आणि असा ब्लॉक बसवर सक्रिय असला तर इतरांच्या संभाषणातही व्यत्यय येतो. त्यानंतर कोणते ओळखक्रमांक स्वीकारावयाचे हे सांगावे लागते. शेवटी आठ बाइटांपैकी कोणत्या बाइटांत कोणती राशी आहे, बाइटांचा क्रम कोणता, मिळालेल्या अंकास कशाने गुणावयाचे व त्यात काय मिळवावयाचे, हे सांगावे लागते. ही माहिती संदेशासोबत येत नाही. ती वेगळ्या कोशात लिहिलेली असते आणि तो कोश प्रेषक व ग्राहक या दोघांपाशी एकच असावा लागतो.

हा कोश चुकल्यास काय घडते ते एका उदाहरणाने स्पष्ट होईल. जे-१९३९ मध्ये इंजिनाची गती चौथ्या व पाचव्या बाइटात येते. त्यांतील पहिला बाइट कनिष्ठ स्थानाचा असतो आणि प्रत्येक एकक ०·१२५ फेऱ्यांचे असते. समजा, या दोन बाइटांत ६४ व ५६ हे अंक आले. ५६ ला २५६ ने गुणून त्यात ६४ मिळविले म्हणजे १४,४०० होतात व गती मिनिटाला १,८०० फेरे ठरते. ब्लॉकमध्ये बाइटांचा क्रम उलटा नोंदला गेला तर तीच संख्या १६,४४० होते व गती २,०५५ फेरे दिसते. दोन्ही उत्तरे मालमोटारीच्या इंजिनाला शोभण्यासारखीच आहेत, त्यामुळे पाहणाऱ्यास संशय येत नाही. दोन्ही बाइट २५५ असतील तर त्याचा संकेतार्थ ‘माहिती उपलब्ध नाही’ असा आहे. तो ठाऊक नसलेला ग्राहक मात्र त्याचे सुमारे ८,१९२ फेरे करून मोकळा होतो. येथे मौनाचेच संख्येत रूपांतर झाले असे म्हणावयास हरकत नाही.

कॅन बसवर पोचपावतीची सोय आहे, मग ही चूक उघडकीस का येत नाही, असा प्रश्न साहजिकच उद्भवतो. त्याचे उत्तर पोचपावतीच्या स्वरूपात आहे. संदेशाचे बिट अविकृत पोचले की जे कोणी उपकरण ते ऐकत असेल ते एका बिटाने पोच देते. ही पोच आकाराची आहे. तिचा अर्थाशी संबंध नाही. लोहमार्गावरील रीत याहून निराळी आहे. तेथे मार्ग मोकळा असल्याची संमती देणारा स्थानकप्रमुख कोणत्या गाडीसाठी संमती देत आहे ते उच्चारतो आणि अनेक प्रसंगी त्यासोबत गुप्त यादीतील खासगी क्रमांक देतो. घेणारा तो क्रमांक नोंदवून ठेवतो. आपण काय समजलो हे दुसऱ्यास कळविल्याखेरीज तो व्यवहार पुरा होत नाही. ही रीत संथ आहे. परंतु गैरसमज गाडी सुटण्यापूर्वीच उघड व्हावा, हा तिचा हेतू आहे.

कॅन बसवर सेकंदाला लक्षावधी बिट धावत असताना असा संवाद शक्य नाही. म्हणून तारबाबू व स्थानकप्रमुख जे काम प्रत्येक संदेशाच्या वेळी करीत, ते सर्व ग्रहण-ब्लॉकची मांडणी करतानाच एकदा उरकावे लागते. ज्ञात गतीचा संदेश मुद्दाम पाठवून अपेक्षित आकडा येतो की नाही हे पाहणे, उपलब्ध नसलेल्या माहितीचा संकेत वेगळा काढणे व दोन्ही बाजूंचा कोश ताडून घेणे, ही त्या जुन्या संवादाचीच संक्षिप्त रूपे होत. या पायऱ्या गाळल्या तर प्रतिरूपात नियंत्रक निर्दोष ठरतो आणि दोष देवरीच्या पुढील घाटात, भरलेल्या मालमोटारीत प्रकट होतो. पत्ता लिहिण्याच्या कष्टातून प्रेषक मुक्त झाला, त्याच वेळी अर्थाची संपूर्ण जबाबदारी ग्राहकाकडे गेली. संदेश-ग्रहणाच्या इतिहासातील हे स्थित्यंतर तारेच्या शोधाइतकेच महत्त्वाचे मानले पाहिजे.