पट्नीची शिपायांची सभा

शिपायानें लढावें, राजकारण इतरांनीं करावें, हा राज्यशास्त्रांतला एक सर्वमान्य सिद्धान्त आहे. तो आम्हांसही मान्य आहे. ज्याच्या कमरेला तलवार आहे त्याचा युक्तिवाद निःशस्त्र माणसाला मोकळ्या मनानें तोलून पाहतां येत नाहीं. आणि असा युक्तिवाद जिंकला तरी तो युक्तीनें जिंकला कीं तलवारीनें, हा संशय कायमचा मागें राहतो. परंतु या सिद्धान्ताच्या आडून दुसरी एक गोष्ट नकळत गृहीत धरली जाते. ती अशी कीं, शिपायाला राजकारणांत मतच नसतें. पगार वेळेवर पडला व पोट भरलें म्हणजे त्याची जिज्ञासा संपते. ही गोष्ट मात्र खरी नाहीं. ती किती खोटी आहे हें इंग्लंडांत १६४७ सालीं जितकें स्पष्ट दिसलें तितकें क्वचितच कोठें दिसलें असेल. त्या सालीं लंडनजवळच्या पट्नी या थेम्सकांठच्या गांवीं साधे शिपाई आपल्या सेनानायकांसमोर बसले आणि राज्य कोणाचें, मत देण्याचा अधिकार कोणाला, या प्रश्नांवर त्यांनीं त्यांच्याशीं वाद घातला. चार्ल्स राजाचा वध व क्रॉम्वेलचा अंमल यांची माहिती आमच्या वाचकांना शाळेपासून असते. ही सभा मात्र शाळेच्या पुस्तकांत सहसा येत नाहीं.

ही सेना कोणती, हें आधीं सांगितलें पाहिजे. राजा व पार्लमेंट यांचें युद्ध १६४२ सालीं सुरू झालें. पहिलीं दोन-तीन वर्षें पार्लमेंटच्या बाजूनें सरदार-उमराव सेना चालवीत होते आणि त्यांना राजाचा पुरता पराभव करण्याचा उत्साह नव्हता. तेव्हां १६४५ सालीं पार्लमेंटनें सुमारें २२,००० लोकांची नवी सेना उभारली, आणि पार्लमेंटच्या सभासदांनीं लष्करी हुद्दे सोडावे असा कायदा केला. क्रॉम्वेल हा या कायद्याला झालेला प्रसिद्ध अपवाद होय. सेनापति म्हणून सर टॉमस फेअरफॅक्स याची योजना झाली. कुलापेक्षां कर्तबगारी पाहून माणसें वर चढविण्याची रीत या सेनेंत पडत गेली. जोडे शिवण्याचा धंदा केलेला ह्यूसन पुढें तिच्यांत कर्नल झाला. ज्या सेनेंत नायक जन्मानें ठरत नाहीं, त्या सेनेंतला शिपाई लवकरच विचारूं लागतो कीं, मग राज्यांतला नायक तरी जन्मानें कां ठरावा?

तथापि आरंभ या उच्च प्रश्नापासून झाला नाहीं. तो पगारापासून झाला. पायदळाच्या शिपायाला रोज आठ पेन्स मिळत. तेवढ्यांत त्याचा कसाबसा निर्वाह होई. १६४७ च्या वसंतांत युद्ध संपलें होतें, आणि पायदळाचा अठरा आठवड्यांचा व घोडदळाचा त्रेचाळीस आठवड्यांचा पगार थकला होता. पगार नाहीं म्हणून शिपाई लोकांच्या घरीं उधारीवर बिऱ्हाड करीत, आणि ज्यांच्या चुलीवर त्यांचें अन्न शिजे ते त्यांना शिव्याशाप देत. दुसरी भीति न्यायालयाची होती. युद्धांत वरिष्ठांच्या हुकुमानें कोणाचा घोडा धरून आणला, तर शांतता होतांच मालक त्याच शिपायावर चोरीची फिर्याद करी. तिसरी चिंता मेलेल्या सोबत्यांच्या विधवांची व लुळ्यापांगळ्या झालेल्यांची होती. मार्च महिन्यांत शिपायांनीं या गोष्टींचा एक अर्ज सेनापतीच्या नांवें तयार केला. त्यांत थकबाकी, युद्धांतील कृत्यांबद्दल माफीचा कायदा, विधवा व जखमी यांना पोटगी, आणि सक्तीनें परदेशीं न पाठविण्याचें वचन, एवढेंच मागणें होतें. पार्लमेंटमधील बहुमतवाल्या पक्षाला ही सेना लवकर मोडावयाची व तिच्यांतील कांहीं भाग आयर्लंडला धाडावयाचा होता. त्यानें एक जाहीरनामा काढला व हा अर्ज पुढें चालविणारांस राज्याचे शत्रु ठरविलें.

थकलेल्या पगारासाठीं सरदाराच्या दारीं धरणें धरून बसलेले स्वार मराठ्यांच्या इतिहासांतही भेटतात. पगार चुकता झाला कीं धरणें उठे. इंग्लंडांत तसें झालें नाहीं, आणि याचें कारण त्या जाहीरनाम्यांत आहे. पैसा थकला ही अडचण होती; परंतु अर्ज करणें हाच अपराध ठरला तेव्हां तो अन्याय झाला. ज्या पार्लमेंटसाठीं लढलों, आणि ज्यानें प्रजेच्या अर्ज करण्याच्या हक्कासाठीं राजाशीं भांडण मांडलें, तेंच आम्हांला अर्ज करूं देत नाहीं, हा विचार शिपायाच्या मनांत शिरला. मग पुढचे विचार आपोआप आले.

एप्रिलच्या अखेरीस घोडदळाच्या आठ पलटणींनीं प्रत्येकीं दोन याप्रमाणें आपले प्रतिनिधि निवडले. लौकरच पायदळानेंही तेंच केलें. या प्रतिनिधींना ‘ॲजिटेटर’ म्हणत. आज या शब्दाचा अर्थ चिथावणीखोर असा झाला आहे. त्या काळीं त्याचा अर्थ दुसऱ्याच्या वतीनें काम पाहणारा, म्हणजे मुखत्यार, एवढाच होता. सेक्स्बी, ॲलन व शेपर्ड या तिघां स्वारांनीं आपल्या पलटणींचें पत्र सेनानायकांना आणून दिलें, तेव्हां त्यांना पार्लमेंटपुढें उभें करण्यांत आलें. पत्रांतील अमुक वाक्याचा अर्थ काय, असें विचारतां त्यांनीं सांगितलें कीं, हें पत्र सर्व पलटणींचें आहे, अर्थ त्यांनाच विचारला पाहिजे. हें उत्तर चतुराईचें वाटेल. परंतु त्यांत प्रतिनिधित्वाचें सारें तत्त्व आलें आहे. निवडलेला माणूस निवडणारांचा धनी नव्हे.

जून महिन्यांत प्रकरण विकोपास गेलें. जॉइस नांवाच्या एका कनिष्ठ अंमलदारानें पांचशें स्वारांनिशीं होम्बी येथें जाऊन राजाला ताब्यांत घेतलें. हें कोणाच्या अधिकारानें करतोस, असें राजानें विचारलें तेव्हां त्यानें आपल्या मागें उभ्या असलेल्या स्वारांकडे बोट दाखविलें. त्यानंतर दोनच दिवसांत सेनेनें शपथपूर्वक ठरविलें कीं, आपल्या तक्रारींचा निकाल लागेपर्यंत मोडावयाचें नाहीं. आणि निकाल लागला कीं नाहीं हें ठरविण्यासाठीं मोठे सेनानायक, प्रत्येक पलटणींतून निवडलेले दोन अंमलदार व दोन शिपाई, यांचें एक मंडळ नेमलें. सेनापति व स्वार एकाच मंडळाचे सभासद झाले. १४ जूनच्या जाहीरनाम्यांत सेनेनें स्पष्ट म्हटलें कीं, आम्ही कोणा एकाच्या लहरीसाठीं लढणारे भाडोत्री नव्हों. प्रजेच्या हक्कांच्या रक्षणासाठीं पार्लमेंटनेंच आम्हांला बोलाविलें आहे.

याच मंडळाची सभा २८ ऑक्टोबर रोजीं पट्नीच्या सेंट मेरी चर्चमध्यें भरली. फेअरफॅक्स आजारी असल्यामुळें क्रॉम्वेल अध्यक्ष होता. चर्चेला ‘लोकांचा करार’ नांवाचा एक छोटा मसुदा आला. दर दोन वर्षांनीं नवें पार्लमेंट, लोकसंख्येच्या मानानें मतदारसंघ, धर्माच्या बाबतींत सक्ती नाहीं, सैन्यांत जबरीनें भरती नाहीं, आणि कायद्यापुढें सर्व समान, अशीं त्याचीं कलमें होतीं. हे हक्क लोकांचेच असल्यामुळें पार्लमेंटलाही ते काढून घेतां येणार नाहींत, असें त्यांत होतें.

दुसऱ्या दिवशीं मताधिकाराचा प्रश्न निघाला. कर्नल रेन्सबरो यानें विचारलें कीं, इंग्लंडांतील अत्यंत दरिद्री माणसालाही थोरांतल्या थोराप्रमाणेंच एक आयुष्य जगावयाचें आहे. मग ज्या सरकारला त्यानें संमति दिली नाहीं, त्याचें बंधन त्याच्यावर कसें? क्रॉम्वेलचा जांवई आयर्टन यानें उत्तर दिलें. देशांत ज्याची कायमची मालमत्ता आहे त्यालाच देशाचे कायदे करणारे निवडण्याचा हक्क असावा. निव्वळ जन्मानें हा हक्क येतो असें म्हटलें, तर त्याच न्यायानें दुसऱ्याच्या शेतावरही हक्क सांगतां येईल. आयर्टन हा मूर्ख किंवा दुष्ट मनुष्य नव्हता. बहुसंख्य दरिद्री लोक मतें देऊं लागले तर मालमत्तेचें काय होईल, हा त्याचा प्रश्न पुढील अडीचशें वर्षें विचारला जात होता.

यावर सेक्स्बी बोलला. हा साधा स्वार. परंतु त्या दिवशींचें सर्वांत जिव्हारीं लागणारें बोलणें त्याचें होतें. आमच्यापैकीं हजारोंना या राज्यांत मालमत्ता म्हणून कांहीं नाहीं, तरी आम्ही प्राण पणास लावले ते आपला जन्मसिद्ध हक्क मिळविण्यासाठीं. मालमत्तेवांचून हक्क नाहीं असें आज तुम्ही म्हणतां, तर तेंच युद्धाच्या आरंभीं कां सांगितलें नाहीं? मग आम्ही भाडोत्री शिपाईच ठरलों. जूनच्या जाहीरनाम्यांतला शब्द सेक्स्बीनें असा सेनानायकांच्याच पदरांत परत टाकला. आयर्टननें पुष्कळ बोलून पाहिलें; पण या एका प्रश्नाचें समाधानकारक उत्तर त्याला देतां आलें नाहीं. त्याचा परिणामही झाला. दुसऱ्या दिवशीं नेमलेल्या समितीनें, नेस्बीच्या लढाईपूर्वीं ज्यांनीं पार्लमेंटसाठीं शस्त्र धरलें त्यांना मालमत्ता नसली तरी मत असावें, अशी तडजोड सुचविली. या उदारतेलाही सीमा होत्या. शिपायांच्या बाजूच्या कांहींनीं घरगडी व भिक्षेकरी यांना वगळण्यास मान्यता दिली. आणि स्त्रियांचें नांव दोन्ही पक्षांपैकीं कोणीच काढलें नाहीं.

ही चर्चा तडीस गेली नाहीं. ८ नोव्हेंबरला प्रतिनिधींना आपापल्या पलटणींत परत पाठविण्याचें क्रॉम्वेलच्या सूचनेवरून ठरलें. तीन दिवसांनीं राजा पळाला व सेनेंत एकोपा हवा या म्हणण्याला जोर चढला. १५ तारखेस वेअरजवळच्या माळावर दोन पलटणी परवानगीवांचून आल्या. शिपायांनीं टोप्यांत ‘लोकांचा करार’ खोंवला होता. सेनानायकांनीं ते कागद काढून घेतले, तिघांना मृत्युदंड ठरविला, फांसे टाकून त्यांच्यांतला एक निवडला, आणि रिचर्ड अर्नोल्ड नांवाच्या त्या शिपायाला त्याच्या सोबत्यांसमोर गोळी घातली. पुढच्या जानेवारीनंतर शिपायांचे प्रतिनिधि त्या मंडळांत बसले नाहींत. मे १६४९ मध्यें पुन्हां उठाव झाला, तेव्हां सुमारें तीनशें चाळीस शिपायांना बर्फर्डच्या चर्चमध्यें कोंडलें व तिघांना बाहेर नेऊन ठार केलें. कोंडलेल्यांपैकीं एकानें तेथल्या बाप्तिस्म्याच्या कुंडावर आपलें नांव कोरून ठेवलें. तें अजून दिसतें.

यावरून इतिहासकार बहुधा असा बोध काढतात कीं, शिपायांना बोलूं दिलें म्हणून सेना राजकारणांत शिरली व शेवटीं लष्करी अंमल आला. हा बोध अर्धवट आहे असें आमचें मत आहे. शिपायांचे हातही स्वच्छ नव्हते, हें खरें. राजाला पकडून आणण्यांत व ऑगस्टमध्यें लंडनवर चाल करण्यांत त्यांचाच उत्साह होता. पण नंतरचा क्रम पहा. शिपायांची सभा १६४८ च्या आरंभीं बंद झाली. पार्लमेंटच्या दाराशीं उभें राहून कर्नल प्राइड यानें सभासद हुसकले ते त्यानंतर, डिसेंबर १६४८ मध्यें. उरलेलें पार्लमेंट क्रॉम्वेलनें १६५३ सालीं घालवून दिलें. आणि १६५५ सालीं देशाचे सुभे पाडून त्यांवर मेजर-जनरल नेमले. शिपाई निवडणुका मागत होते, तर सेनानायकांनीं निवडलेली सभाच मोडली. ज्या सेनेंत खालून प्रश्न विचारणारे होते, त्या सेनेचा उपयोग वरच्या मनुष्याला मनमानेल तसा करतां येत नव्हता. प्रश्न बंद झाले, तेव्हां तो करतां आला. शिपायाचें मत दडपल्यानें सेना राजकारणापासून दूर झाली नाहीं. राजकारण सेनानायकांचें एकट्याचें झालें, एवढेंच.

या सभेची हकीकत आपणांस कळते ती विल्यम क्लार्क या सेनेच्या चिटणिसामुळें. त्यानें भाषणें लघुलिपींत टिपून घेतलीं होतीं. ते कागद ऑक्सफर्डच्या वुस्टर कॉलेजांत पडून राहिले व १८९१ सालीं छापून प्रसिद्ध झाले. त्यानंतर सत्तावीस वर्षांनीं, १९१८ सालीं, इंग्लंडांत एकवीस वर्षांवरील बहुतेक सर्व पुरुषांना मालमत्तेची अट काढून मत मिळालें. आणि महायुद्धांत सेवा केलेल्या शिपायाला तें एकोणिसाव्या वर्षींच देण्यांत आलें. ज्यानें प्राण पणास लावले त्याला मत नाकारतां येत नाहीं, हें सेक्स्बीचें म्हणणें कायद्याला पटावयास २७१ वर्षें लागलीं. सेक्स्बी स्वतः १६५८ सालीं लंडनच्या टॉवरमध्यें कैदेंत मेला.

आपल्या देशानें या दोन्ही गोष्टींची सांगड घातली आहे. घटनेच्या ३३ व्या कलमानें सैनिकांच्या मूलभूत हक्कांना मर्यादा घालण्याचा अधिकार संसदेला दिला आहे, आणि त्यानुसार जवानाला राजकीय पक्षाचें काम करतां येत नाहीं. परंतु मत त्याला आहे. सीमेवर असला तरी तें तो टपालानें किंवा मुखत्यारामार्फत देऊं शकतो, आणि त्याचें मत त्याच्या सेनापतीच्या मताइतकेंच मोजलें जातें. पलटणींतल्या सैनिक संमेलनांत आपली अडचण कमांडिंग ऑफिसरपुढें मांडण्याची सोयही त्याला आहे. ही व्यवस्था आज आपणांस इतकी स्वाभाविक वाटते कीं, तिच्यासाठीं कोणी कधीं वाद घातला असेल हें सुचतही नाहीं. घरांतला मुलगा सैन्यांत असला म्हणजे त्याच्या पत्रांत आपण प्रकृति, रजा व जेवणखाण यांचाच मजकूर शोधतों; राज्यकारभाराविषयीं त्याला काय वाटतें हें विचारावयाचें आपणांस सुचत नाहीं. सैनिकानें हुकूम पाळावा, हें राष्ट्राचें त्याच्याकडे मागणें आहे. तो विचार करतो हें राष्ट्रानें विसरूं नये, हें त्याचें राष्ट्राकडे मागणें आहे. आणि पट्नीच्या त्या सभेनंतर तें ऐकूं आलें नाहीं असें म्हणण्याची सोय कोणालाही उरलेली नाहीं.