कोयनेच्या पाण्याखालची वाडी

दरवर्षी मे ते ऑक्टोबर अण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, मुक्काम पिस्कॅटवेला आमच्या घरी असतो. वय शहाऐंशी, कान थोडे मंदावले आहेत, पण स्मरणशक्ती माझ्यापेक्षा चांगली. तीन वर्षांपूर्वी एका संध्याकाळी नातवाला कॉम्प्युटरवर शनिवारवाडा पाहताना त्यांनी पाहिले आणि मला म्हणाले, "सगळं जग दिसतं म्हणतोस ह्याच्यात. मग आमचं गाव दाखव की."

अण्णांचे गाव सातारा जिल्ह्यातले, जावळी खोऱ्यातले. कोयना धरणात गेले. १०३ मीटर उंचीचे हे धरण १९६४ साली पूर्ण झाले. त्याआधीच पाणी चढू लागले आणि खोऱ्यातली गावे उठली. आमच्या घराला दुसऱ्या जिल्ह्यात जमीन मिळाली, अण्णा मुंबईला गिरणीत लागले, आणि आम्हा भावंडांना 'गाव' म्हणजे बामणोलीच्या काठावर उभे राहून नैऋत्येकडे हात जोडणे एवढेच ठाऊक. वासोट्याला जाणाऱ्या लाँचच्या गडबडीत अण्णा दोन मिनिटे डोळे मिटून उभे राहत. समोर नुसता शिवसागर.

मी पेशाने इंजिनिअर. वाटले, काय मोठेसे, एका शनिवारचे काम! पुढे दीड वर्ष गेले. त्यात जे शिकलो ते आपल्यापैकी ज्यांची गावे कोयनेत, उजनीत, जायकवाडीत गेली, त्यांच्या उपयोगी पडेल म्हणून लिहितो आहे.

सुरुवात इथल्याच जमिनीवर केली. २००३ साली मी डीलॉर्म कंपनीची 'टोपो यूएसए' ही सीडी विकत घेतली होती. सगळ्या अमेरिकेच्या टेकड्या त्यात होत्या, सरहद्दीपलीकडे कोरा कागद. आता तीही लागत नाही. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याने आपले पावणेदोन लाखांहून अधिक जुने नकाशे स्कॅन करून 'टोपोव्ह्यू'वर फुकट ठेवले आहेत. आमच्या भागाचे निरनिराळ्या वर्षांचे नकाशे मी एकावर एक ठेवले. आधी शेते, मग १९४२ साली उभारलेला कॅम्प किल्मर हा लष्करी तळ, मग त्याच जागी रट्गर्सचा लिव्हिंगस्टन कॅम्पस. मुले जिथे बास्केटबॉलचे सामने बघायला जातात तिथे महायुद्धात युरोपला निघालेले शिपाई जहाजांची वाट पाहत होते, हे त्यांना कोणत्याही पुस्तकापेक्षा त्या नकाशांनी पटवले.

मग राउंड व्हॅली. उन्हाळ्यात आपण जिथे सहलीला जातो तो तलाव १९६०च्या सुमारास बांधला. त्याआधीच्या नकाशात तिथे दरी आहे, रस्ते आहेत, घरांचे काळे ठिपके आहेत. गूगल अर्थमध्ये जुना नकाशा वर पसरून त्याची पारदर्शकता कमी-जास्त केली की तलावाखालून रस्ते वर येतात. अण्णा बराच वेळ बघत होते. म्हणाले, "हितंबी उठवलं म्हणायचं लोकांना."

आता कोयना. आधी सगळ्यात नवी, सगळ्यात शास्त्रशुद्ध माहिती घेतली. फेब्रुवारी २०००मध्ये 'एन्डेव्हर' या अवकाशयानाने अकरा दिवसांत रडारने ६० अंश उत्तर ते ५६ अंश दक्षिण एवढ्या पृथ्वीची उंची मोजली. अमेरिकेसाठी ही माहिती ३० मीटरच्या चौकटीत मिळे, बाकी जगासाठी ९० मीटरच्या. २०१४पासून तो भेद हळूहळू गेला. आज ट्रेकिंगच्या बहुतेक अॅपमधल्या सह्याद्रीच्या समोच्च रेषा याच माहितीवरून काढलेल्या असतात. कड्यांसाठी उत्तम. पण रडारची लहर पाण्यात शिरत नाही. माझ्या पडद्यावर जावळीच्या डोंगररांगा उमटल्या आणि मधे, आमच्या गावाच्या जागी, इस्त्री केल्यासारखा एक सपाट आकडा.

भारतीय सर्वेक्षण विभागाचे नकाशे मिळवणे पूर्वी किती जिकिरीचे होते हे जुन्या ट्रेकरना विचारा. २०१७ साली विभागाने १:५०,०००चे नकाशे 'नक्शे' या संकेतस्थळावर खुले केले, पण त्यासाठी आधार क्रमांक लागे. माझ्याकडे अमेरिकन पासपोर्ट! पुण्याच्या आतेभावाने उतरवून पाठवला. (२०२१च्या फेब्रुवारीत सरकारने नकाशांचे नियम बरेच सैल केले, हे चांगले झाले.) सुरेख नकाशा, पण समोच्च रेषा काठाशी येऊन थांबतात. तोही धरणानंतरचा.

तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. मी चौकट किती बारीक हे पाहत होतो. पाहायला हवे होते ते साल.

धरणाआधीचा नकाशा सापडला तो टेक्सासमध्ये. अमेरिकन लष्कराच्या नकाशा खात्याने १९५०च्या दशकात भारताचे १:२,५०,०००चे नकाशे छापले. मूळ आधार अर्थात सर्वेक्षण विभागाचाच, म्हणजे लॅम्बटनने १८०२ साली मद्रासहून सुरू केलेल्या त्रिकोणमितीय मोजणीच्या परंपरेचा. (हा लॅम्बटन काम करता करता १८२३ साली वारला तो आपल्या वर्धा जिल्ह्यात, हिंगणघाटला, त्याची कबर तिथेच आहे.) टेक्सास विद्यापीठाच्या ग्रंथालयाने हे नकाशे फुकट ठेवले आहेत. त्यात कोयना नदी बारीक निळ्या रेघेने वाहते आहे आणि तिच्या काठी आमच्या गावाचे नाव! रात्रीचे दीड वाजले होते, तरी मी बायकोला उठवले.

पण ठिपका एका सोंडेच्या पलीकडे होता. बामणोलीहून तो दिसणेच शक्य नव्हते. अण्णा साठ वर्षे भलत्याच दिशेला हात जोडत आले होते. हे त्यांना कसे सांगायचे? महिनाभर मी विषयच काढला नाही. शेवटी त्यांनीच विचारले आणि मी नकाशा पुढे ठेवला. भिंग लावून पाहिला. "हे गावठाण. आम्ही वाडीचे. वाडी कुठाय?"

चार मैल एका इंचात बसवणाऱ्या नकाशात वाडी कशी असणार! मैलाला एक इंचाचा, स्वातंत्र्यापूर्वीच्या पाहणीवरचा नकाशा इथल्याच एका विद्यापीठाच्या ग्रंथालयात मिळाला. त्यात वाडी होती, सोंडेच्या अलीकडच्या उतारावर, बामणोलीच्या बाजूला. वर टेपावर देवळाची खूण.

तो नकाशा गूगल अर्थवर ठेवला तर देऊळ पाण्यात. तरीही शंका आली, कारण जुने नकाशे एव्हरेस्टने १८३०मध्ये मांडलेल्या पृथ्वीच्या आकारावर काढलेले आहेत आणि जीपीएसचा हिशेब वेगळा. आपल्या भागात दोन्हींत शे-दीडशे मीटरचा फरक पडतो. क्यूजीआयएस या फुकट सॉफ्टवेअरमध्ये ती दुरुस्ती केली, तेव्हा सगळा नकाशा वायव्येला सरकला आणि देऊळ काठाच्या वर, झाडीत गेले. भरलेल्या कोयनेची पातळी २१६३ फूट. गावठाण २०५०च्या रेषेलगत, वाडी २१००च्या. देवळाजवळची रेषा २२००ची.

"देऊळ बुडालं न्हाई," मी सांगायच्या आधीच अण्णा म्हणाले. "देव आम्ही संगं नेला. देऊळ राह्यलं तिथंच."

तो उतार आता कोयना अभयारण्यात, सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात येतो. वनखात्याची परवानगी लागेल. येत्या डिसेंबरमध्ये बामणोलीला जाऊन अर्ज द्यायचा बेत आहे, आणि अण्णांचे गुडघे चालले नाहीत तर लाँच सोंडेपर्यंत नेऊ. दरम्यान मी वाडीचा तेवढाच तुकडा मोठा करून छापून दिला आहे. नकाशात तिथे सहा काळे ठिपके आहेत. अण्णांनी पेन्सिलीने प्रत्येकापुढे घरधन्याचे नाव लिहिले, आणि मग ठिपका नसलेल्या जागी आणखी तीन घरे काढली.